कासवांचा किनारा आणि बंदर : एका मूल्यमापनाचा पाठ

ओडिशाच्या उत्तर भागात ब्राह्मणी आणि वैतरणी या नद्यांचे पाणी एकत्र येते आणि धामरा या नावाने बंगालच्या उपसागराला मिळते. या मुखाच्या दक्षिणेला भितरकनिकाचे तिवरांचे अरण्य पसरलेले आहे. भारताच्या मुख्य भूमीवर सुंदरबनाच्या खालोखाल मोठे असे हे खारफुटीचे वन होय. त्याच्या समुद्राकडील कडेला गहिरमाथाची पुळण आहे. हिवाळा सरत आला आणि वारा दक्षिणेकडून वाहू लागला, की एखाद्या रात्री या पुळणीवर एक विलक्षण दृश्य दिसते. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या हजारोंच्या संख्येने लाटांतून वर येतात, वाळूत खड्डा करून प्रत्येकी शंभरच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि पुन्हा समुद्रात नाहीशा होतात. हा क्रम काही रात्री अखंड चालतो. या सामुदायिक आगमनाला स्पॅनिश भाषेतील 'आरिबादा' हा शब्द जगभर रूढ झाला आहे. अशी मोठी आगमने जगात फारच थोड्या ठिकाणी होतात : मेक्सिको आणि कोस्टा रिका यांच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, आणि आपल्याकडे ओडिशात.

स्थानिक लोकांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. एके काळी सरकारी परवाने घेऊन येथून होड्या भरभरून अंडी बाजारात नेली जात. शास्त्रीय जगाला मात्र या पुळणीची ओळख १९७४ साली, मगरींच्या संवर्धनाच्या कामासाठी आलेल्या एच. आर. बस्टर्ड या तज्ज्ञामुळे झाली. त्यानंतर संरक्षणाची पावले झपाट्याने पडली. १९७५ मध्ये भितरकनिका अभयारण्य घोषित झाले. १९९७ मध्ये गहिरमाथाभोवतालच्या सुमारे १,४३५ चौरस किलोमीटर क्षेत्राला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. १९९८ मध्ये भितरकनिकाचा गाभा राष्ट्रीय उद्यान बनला, आणि २००२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची नोंद झाली. खाऱ्या पाण्यातील मगरींची संख्या १९७६ साली अवघी ९५ मोजली गेली होती; २०२४ च्या गणनेत ती १,८०० च्या वर गेली. संरक्षणाने काय साधते याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

याच धामरा नदीच्या मुखाशी, उत्तरेच्या काठावर, आज एक खोल पाण्याचे मोठे बंदर उभे आहे. भितरकनिका अभयारण्याच्या हद्दीपासून ते पाच किलोमीटरांच्याही आत आहे, तर कासवांच्या पुळणीपासूनचे अंतर सुमारे पंधरा किलोमीटर भरते. देशाला पोलाद हवे, पोलादाला कोळसा हवा, कोळशाला बंदर हवे. आणि ओडिशासारख्या खनिजसंपन्न परंतु गरीब राज्याला रोजगार हवा. या गरजा खोट्या नाहीत. मग अशा ठिकाणी बांधकाम करावे की करू नये, आणि करावयाचे तर कोणत्या अटींवर, हे ठरवायचे कसे? हे ठरविण्यासाठी जी पद्धत आधुनिक राज्यांनी स्वीकारली आहे, तिला पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन असे म्हणतात. ही पद्धत काय आहे, ती कोठे उपयोगी पडते आणि कोठे दुबळी ठरते, हे धामराच्या उदाहरणावरून समजून घेण्याचा प्रयत्न या प्रकरणात केला आहे.

मूल्यमापन म्हणजे काय?

या पद्धतीमागील कल्पना साधी आहे. घर बांधण्यापूर्वी शहाणा माणूस जमीन खणून पाहतो. त्याचप्रमाणे निसर्गात मोठा हस्तक्षेप करण्यापूर्वी त्याचे परिणाम आधी अभ्यासावेत, आणि मगच निर्णय घ्यावा. 'आधी' आणि 'मग' हे दोन शब्द येथे सर्वांत महत्त्वाचे आहेत. निर्णय झाल्यानंतर केलेला अभ्यास कितीही विद्वत्तापूर्ण असला, तरी त्याला मूल्यमापन म्हणता येणार नाही. ते फार तर समर्थन होईल, किंवा पश्चात्ताप.

अमेरिकेत १९६९ साली संमत झालेल्या आणि १ जानेवारी १९७० रोजी अमलात आलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने ही पद्धत प्रथम बंधनकारक केली. भारतात तिची सुरुवात १९७६-७७ मध्ये नदीखोऱ्यांतील धरणांच्या तपासणीपासून झाली. किनाऱ्यांविषयीची चिंता त्यानंतर लवकरच व्यक्त झाली. १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरांपर्यंतचा पट्टा बांधकामांपासून मोकळा ठेवण्यास सांगितले. पुढे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याच्या आधारे १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली, आणि १९९४ मध्ये मूल्यमापन कायद्याने सक्तीचे झाले. १९९७ मध्ये जनसुनावणीची तरतूद जोडली गेली. २००६ च्या अधिसूचनेने सर्व प्रक्रियेची नव्याने मांडणी केली : प्रकल्पाला अभ्यासाची गरज आहे का हे ठरविणे, अभ्यासाची व्याप्ती निश्चित करणे, लोकांचे म्हणणे ऐकणे, आणि शेवटी तज्ज्ञ समितीने अहवालाची छाननी करणे, असे तिचे चार टप्पे आहेत.

संरक्षित क्षेत्राजवळच्या प्रकल्पांना या अधिसूचनेने विशेष वागणूक दिली. जे लहान प्रकल्प एरवी राज्य पातळीवर तपासले जातात, ते अभयारण्याच्या १० किलोमीटरांच्या आत असतील तर केंद्राकडे जावेत, असा नियम झाला. २०१४ मध्ये हे अंतर ५ किलोमीटरांवर आणण्यात आले. अंतराची ही आकडेमोड वाचकाने लक्षात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

धामराची हकीकत

धामरा येथे पूर्वीपासून लहान बंदर होते. त्याच्या विस्ताराची योजना १९९० नंतरच्या दशकात पुढे आली आणि १९९७ मध्ये तिचे पर्यावरणीय मूल्यमापन करण्यात आले. परंतु त्या वेळी बंदरासाठी विचारात असलेली जागा होती मुखाबाहेरील कनिका सँड्स हे वाळूचे बेट. पुढे जागा बदलली आणि बंदर मुख्य भूमीवर बांधण्याचे ठरले. जागा बदलली तरी नवे मूल्यमापन मात्र झाले नाही. त्या काळातील नियमांनुसार बंदरांच्या परवानगीचा काही अधिकार पर्यावरण मंत्रालयाकडून भूपृष्ठ परिवहन मंत्रालयाकडे सोपविण्यात आला होता. या मंत्रालयाने जानेवारी २००० मध्ये प्रकल्पाला मान्यता दिली. म्हणजे बंदरे उभारण्याचे काम ज्याच्याकडे, त्याच खात्याकडे बंदराचे परिणाम तपासण्याचेही काम आले. खटल्यातील पक्षकारानेच न्यायासनावर बसावे, अशातला हा प्रकार होता.

२००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने बंदरासाठी दुसरी जागा शोधावी अशी शिफारस केली. तरीही काम पुढे गेले. टाटा स्टील आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या संयुक्त कंपनीने बांधकाम हाती घेतले. निसर्गसंवर्धनाच्या क्षेत्रातील 'आययूसीएन' या आंतरराष्ट्रीय संघटनेला कंपनीने सल्लागार म्हणून पाचारण केले. या संघटनेच्याच कासवतज्ज्ञ गटातील काही भारतीय सदस्यांनी त्यास उघड विरोध केला. निर्णय आधीच झालेला असताना सल्ला देणे म्हणजे त्या निर्णयाला प्रतिष्ठा देणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. अनिष्ट गोष्ट टळणारच नसेल तर तिचे दुष्परिणाम कमी करण्यासाठी आत राहूनच काम करावे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंना कासवांविषयी आस्था होती, म्हणूनच हा वाद अभ्यासण्याजोगा आहे. मे २०११ मध्ये बंदरात व्यापारी वाहतूक सुरू झाली. २०१४ मध्ये ते अदानी समूहाकडे गेले आणि त्यानंतर त्याचा विस्तारही झाला.

या हकिकतीतून मूल्यमापनाविषयीचे काही मूलभूत प्रश्न उभे राहतात. ते आता एकेक करून पाहू.

पहिला प्रश्न : सीमा कोणाची?

अभयारण्याची सीमा कागदावरील रेषा असते. ती आखताना महसुली गावे, नद्यांची पात्रे आणि राजकीय सोय यांचा विचार होतो. प्राण्याला ती रेषा ठाऊक नसते. ऑलिव्ह रिडले मादी आपल्या आयुष्याचा फार मोठा भाग अभयारण्याबाहेर घालविते. २००१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारी यंत्रे बसविण्यात आली, तेव्हा त्यांतील एक मादी श्रीलंकेच्या पाण्यात पोहोचल्याचे दिसून आले. याहूनही नवलाची गोष्ट महाराष्ट्रात घडली. मार्च २०२१ मध्ये गहिरमाथाला ०३२३३ या क्रमांकाची धातूची खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून जाणारे हे अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर भरते. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे एकमेकांपासून अलग आहेत, ही समजूत या एका प्राण्याने डळमळीत केली. गहिरमाथाच्या कासवांचे जे होईल त्याच्याशी गुहागर आणि वेळासचाही संबंध असू शकतो.

दुसरी बाजू अशी की, परिणामही सीमा पाळीत नाहीत. वाळूतून रात्री बाहेर पडणारी पिले समुद्राची दिशा कशी ओळखतात? जमिनीकडील झाडे आणि वाळूचे उंचवटे काळोखे दिसतात, तर समुद्रावरील क्षितिज तारांच्या आणि चंद्राच्या प्रतिबिंबाने किंचित उजळलेले असते. पिले त्या उजेडाकडे धावतात. लाखो वर्षांच्या सवयीने घडलेली ही खूण विजेच्या दिव्याने क्षणात खोटी ठरते. पिले जमिनीकडे वळतात, आणि पहाटेपर्यंत कावळे, कुत्री व उन्हाचा चटका यांना बळी पडतात. मोठ्या बंदराचा झगमगाट रात्रीच्या आकाशावर पसरतो आणि कित्येक किलोमीटरांवरून दिसतो. मग १० किलोमीटर की ५ किलोमीटर हा वाद काहीसा व्यर्थ ठरतो. उजेडाचे अंतर वेगळे, गाळाचे वेगळे, जहाजांच्या आवाजाचे वेगळे. चांगल्या मूल्यमापनाने प्रत्येक परिणामाची सीमा स्वतंत्रपणे काढली पाहिजे. नियमातील आकडा ही केवळ सुरुवात होय.

दुसरा प्रश्न : आधी काय होते?

कोणत्याही बदलाचे मोजमाप करावयाचे तर बदलापूर्वीची स्थिती माहीत असावी लागते. तिला आधारस्थिती असे म्हणू. सामान्यतः अहवालकर्ते एका ऋतूत, तीन-चार महिन्यांत माहिती गोळा करतात. कारखान्याच्या धुराड्यासाठी हे कदाचित पुरेसे असेल. परंतु गहिरमाथासारख्या ठिकाणी ते निव्वळ फसवे ठरते. १९९७, १९९८ आणि २००२ या वर्षी येथे सामुदायिक आगमन झालेच नाही. तेव्हा बंदर नव्हते. अशा एखाद्या वर्षी पाहणी केली असती, तर 'या किनाऱ्यावर कासवांचा मोठा वावर नाही' असा निष्कर्ष अहवालात निघाला असता. उलट २०२५ मध्ये गहिरमाथाला सुमारे सहा लाख माद्या आल्याचे वनखात्याने मोजले, आणि त्याच वर्षी दक्षिणेकडील ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी ही संख्या सुमारे सात लाखांवर गेली. केवळ त्या वर्षाचे आकडे पाहणारा म्हणेल की, सर्व काही उत्तम आहे.

दोन्ही निष्कर्ष सारखेच घाईचे आहेत. या जातीची मादी प्रजननक्षम होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. आज पुळणीवर आलेली मादी ही पंधरा वर्षांपूर्वीच्या किनाऱ्याची साक्ष होय. आजच्या किनाऱ्याची साक्ष आजची पिले मोठी होऊन परततील तेव्हा मिळेल. यावरून एक नियम काढता येतो : आधारस्थितीचा कालावधी प्रकल्पाच्या सोयीने ठरू नये, प्राण्याच्या आयुष्यक्रमाने ठरावा.

शिवाय, कोणत्या जीवांसाठी शोध घेतला हेही महत्त्वाचे आहे. २००७ मध्ये बंदराच्या परिसरात ग्रीनपीस या संस्थेच्या पुढाकाराने प्राणिशास्त्रज्ञांनी जी पाहणी केली, तीत खाऱ्या पाण्यात तग धरणारा खेकडेखाऊ बेडूक आढळला. जेथे कोणी शोधलेच नाही, तेथे काही नव्हते असे म्हणणे हा शास्त्रातील जुना प्रमाद आहे.

तिसरा प्रश्न : परिणामांची साखळी

बंदर म्हणजे केवळ धक्का नव्हे. मोठी जहाजे किनाऱ्यापर्यंत यावीत म्हणून धामराला सुमारे १८ किलोमीटर लांबीचा खोल मार्ग समुद्रतळातून कोरण्यात आला. गाळ शोषून घेणारी जहाजे तळावरून आपली अवजड तोंडे ओढत नेतात, तेव्हा तळाशी विसावलेली कासवे त्यांत ओढली जाऊ शकतात. यावर उपाय म्हणून नांगराच्या फाळासारखी लोखंडी चौकट त्या तोंडापुढे लावतात. ती कासवाला बाजूला सारते. धामराला ही चौकट वापरली गेली, तसेच दिव्यांना झाकणे घालून त्यांचा झोत खाली वळविण्याचे उपायही सुचविले गेले. हे उपाय उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु नदीमुखाशी खणलेला मार्ग एकदा खणून भागत नाही. नदी दर पावसाळ्यात नवा गाळ आणते आणि उपसा चालूच राहतो. म्हणून उपायही बंदर चालू असेपर्यंत, तितक्याच काटेकोरपणे चालू राहावयास हवेत. पहिल्या वर्षीची दक्षता विसाव्या वर्षी उरते का, हे पाहणारी व्यवस्था अहवालाच्या पानांत बहुधा सापडत नाही.

साखळीची पुढची कडी वाळूची आहे. ओडिशाच्या किनाऱ्याने लाटांच्या तिरक्या माऱ्यामुळे वाळू वर्षभरात एकंदरीने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. या प्रवाहात आडवी भिंत बांधली की एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूची पुळण झिजते. गहिरमाथाच्या दक्षिणेस असलेले पारादीप बंदर १९६६ मध्ये सुरू झाले, आणि त्याच्या उत्तरेकडील किनाऱ्यास वाळू कमी पडू लागल्याचा अनुभव आहे. गहिरमाथाची पुळण स्वतःही अस्थिर आहे. १९८९ च्या वादळात तिचा टोकाचा भाग तुटून निराळा झाला, आणि पुढे सामुदायिक आगमन मुख्यतः त्या तुटलेल्या नासी बेटांवर होऊ लागले. जवळच सातभाया हा गावांचा समूह होता. त्यांतील बहुतेक गावे समुद्राने अनेक दशकांत गिळली आणि उरलेल्या कुटुंबांचे २०१८ मध्ये बागपातिया येथे पुनर्वसन करावे लागले. हा ऱ्हास धामराचे नवे बंदर होण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता, तेव्हा त्याचा दोष त्या बंदराच्या माथी मारणे सत्याला धरून होणार नाही. परंतु त्यातून जो धडा मिळतो तो असा की, जो किनारा आधीच क्षीण झाला आहे तेथे नव्या प्रकल्पाचा भार स्वतंत्र नसतो. तो जुन्या भारांवर चढतो.

चौथा प्रश्न : बेरीज कोण करतो?

गहिरमाथाच्या कासवांना भेडसावणारे संकट एकच नाही. ट्रॉलरच्या जाळ्यांत अडकून गुदमरलेल्या कासवांची प्रेते दरवर्षी हजारोंनी ओडिशाच्या किनाऱ्याला लागत आली आहेत. नासी बेटांच्या शेजारच्याच बेटावर क्षेपणास्त्रांच्या चाचण्या होतात आणि तेथील दिव्यांमुळे पिले वाट चुकत असल्याच्या नोंदी आहेत. विणीच्या हंगामात ते मंद ठेवण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यात बंदराचा उजेड, उपसा आणि जहाजांची वर्दळ यांची भर पडली. प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल निराळा लिहिला जातो, आणि प्रत्येक अहवाल आपला वाटा 'अल्प' असल्याचे सांगतो. असे दहा अल्प वाटे मिळून मोठे संकट होते. परंतु त्यांची बेरीज कोणत्याच अहवालात नसते, कारण ती करण्याचे काम कोणा एका प्रकल्पाचे नसते. ते राज्यसंस्थेने करावयाचे असते. संपूर्ण किनाऱ्याचा एकत्र विचार करून कोठे बंदरे व्हावीत आणि कोठे होऊ नयेत हे आधीच ठरविले, तर प्रत्येक ठिकाणचा वाद पुन्हा मुळापासून लढावा लागणार नाही.

पाचवा प्रश्न : माणसे कोठे आहेत?

अशा वादांत कासवे विरुद्ध माणसे असे चित्र रंगविण्याचा मोह अनेकांना होतो. ते चित्र खोटे आहे. कासवांच्या रक्षणासाठी धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या तीन नद्यांच्या मुखांसमोर १ नोव्हेंबर ते ३१ मे असे सात महिने, किनाऱ्यापासून २० किलोमीटरांपर्यंत मासेमारी बंद असते. या बंदीची सर्वाधिक झळ लहान होडीवर पोट भरणाऱ्या कोळ्याला बसते. आमच्या होडीने कासवांना त्रास होतो, मग अजस्र जहाजांनी होत नाही काय, हा त्याचा प्रश्न आहे. त्याला उत्तर देता आले नाही, तर कायद्यावरील त्याचा विश्वास उडतो; आणि ज्या किनाऱ्यावर कोळी रक्षकाच्या बाजूचा नाही, तेथे कोणतेही अभयारण्य फार काळ टिकत नाही.

मूल्यमापनाच्या तराजूत माणसांचे हित दोन्ही पारड्यांत असते, हेही विसरता कामा नये. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांचा पुढे शास्त्रीय अभ्यास झाला. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये तिवरांचा पट्टा जेथे रुंद होता तेथे मृत्यू कमी झाले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिवरांची किंमत लाकडाच्या भावाने मांडणाऱ्या अहवालात ही जमेची बाजू येत नाही. जनसुनावणीचा खरा उपयोग येथे आहे. भरती कोठवर चढते, कोणत्या वर्षी खाडीने पात्र बदलले, मासळी कोठे विते, हे गावातील वृद्ध माणसाला ठाऊक असते. सुनावणीची सूचना त्याच्या भाषेत, पुरेशी आधी मिळाली नाही, आणि जाडजूड अहवाल इंग्रजीतच राहिला, तर ती सुनावणी नव्हे, नुसती हजेरी होय.

शंकेचा फायदा कोणाला?

निसर्गाविषयीचे आपले ज्ञान नेहमीच अपुरे असते. म्हणून शेवटी प्रश्न उरतो तो हा : शंका असेल तेव्हा तिचा फायदा कोणाला द्यावा? युरोपातील देशांनी १९९२ च्या अधिवासविषयक निर्देशाने याचे स्पष्ट उत्तर दिले. संरक्षित क्षेत्रावर लक्षणीय परिणाम संभवत असेल तर आधी स्वतंत्र मूल्यमापन व्हावे. ते प्रतिकूल निघाले तर दुसरा पर्याय नाही हे सिद्ध करावे. त्यानंतरही अत्यंत निकडीचे सार्वजनिक हित असेल तरच, नुकसानभरपाईच्या उपायांसह, परवानगी द्यावी. २००४ मध्ये नेदरलँड्समधील वाडेन समुद्रातील यांत्रिक शिंपले-मासेमारीच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने असा निर्णय दिला की, परिणाम होणार नाही याविषयी शास्त्रीयदृष्ट्या वाजवी शंका उरत नसेल, तेव्हाच परवानगी देता येते. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टनजवळ डिब्डेन बे येथील नियोजित बंदराला सरकारने नकार दिला; तेथील पाणपक्ष्यांचे संरक्षित चिखलपट्टे हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. धनाढ्य देशाला परवडते ते आपल्याला परवडेल काय, असे कोणी विचारील. परंतु पर्यायी जागेचा प्रामाणिक शोध घेण्यास फार पैसा लागत नाही. तो वेळेवर घेण्याची इच्छा लागते. धामराच्या बाबतीत जागा बदलली तेव्हाच नवे मूल्यमापन झाले असते, तर पुढील दहा वर्षांचे खटले, आंदोलने आणि अविश्वास यांपैकी बरेच काही टळले असते. बंदर कदाचित झालेही असते, परंतु ते अधिक शहाणपणाने झाले असते.

आज गहिरमाथाला कासवे येत आहेत. यावरून बंदर निरुपद्रवी ठरले असे म्हणता येत नाही, आणि विरोधकांची भीती निराधार होती असेही म्हणता येत नाही. बंदर होण्यापूर्वीची विश्वसनीय आणि दीर्घकालीन आधारस्थितीच नोंदली गेली नसेल, तर कोणताच निष्कर्ष खात्रीने काढता येत नाही. धामराचे खरे नुकसान हेच आहे. आपण एक प्रयोग केला, परंतु प्रयोगाआधीचे माप घेण्यास विसरलो. आणि तो पुन्हा करता येत नाही.

वाचकाच्या गावाजवळही उद्या एखादा धक्का, एखादा महामार्ग किंवा एखादे पर्यटनस्थळ होऊ घातले असेल. त्याचा अहवाल हाती आला तर त्याने पुढील गोष्टी तपासाव्यात. अभ्यास झाला ती जागा आणि बांधकाम होणार ती जागा एकच आहे काय? पाहणी किती ऋतूंची आहे? ज्या प्राण्यासाठी शेजारचे क्षेत्र संरक्षित केले, त्याच्या आयुष्यक्रमाचा विचार अहवालात कोठे आहे? दुसऱ्या जागांची तुलना खरोखर केली आहे, की नावापुरती? आजूबाजूच्या इतर प्रकल्पांची बेरीज मांडली आहे काय? वचन दिलेले उपाय वीस वर्षांनी पाळले जात आहेत की नाही, हे कोण पाहणार? आणि अहवाल लिहिणाऱ्याला पैसे कोणी दिले? या प्रश्नांसाठी शास्त्रज्ञ असावे लागत नाही. सावध नागरिक असणे पुरेसे आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहण्याची चिकाटी हवी.